आडवं जाणारा

प्रयोगशाळेत त्याला सगळे मांजर म्हणत, कारण आडवं जाणं हेच त्याचं काम. खोलीच्या एका टोकाला मायक्रोवेव्ह लहरी सोडणारं यंत्र होतं, दुसऱ्या टोकाला अँटेनाची पाटी आणि तिला जोडलेला इवलासा दिवा. लहरींची वीज करणारे पाटीवरचे डायोड त्यानेच सोल्डर केले होते, पण त्याचं कौतुक कोणाला? पाहुणे लपवलेली तार शोधू लागले, की साहेब म्हणायचे, "आडवे जा हो जरा." तो मधे उभा राहायचा, त्याच्या अंगाने लहरी अडायच्या आणि दिवा विझायचा. पाहुणे खूश.

"तुम्ही मधे आलात की अंधार होतो, हे मला लग्नाच्याच वर्षी कळलं होतं," असं बायको दर वेळी म्हणायची, आणि तो दर वेळी हसायचा.

आज तो मधे उभा राहिला, तेव्हा दिवा नुसता मंदावला.

"बघा आमचं नवं सर्किट," साहेब हरखून म्हणाले. टाळ्या पडल्या. नवं सर्किट अजून त्याच्याच टेबलावर अर्धवट पडलं होतं. त्यानेही टाळ्या वाजवल्या.

घरी बायको त्याची पँट कमरेत आत घेत बसली होती, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितल्यापासून तिसऱ्यांदा.

"काय म्हणाले पाहुणे?"

"खूश होते. मी मधे गेलो, तरी दिवा विझला नाही."

नेहमीचं बोलायला तिने मान वर केली. मग त्याच्या खांद्यांवर लोंबणारा शर्ट तिला दिसला, आणि ओवलेली सुई ती पुन्हा ओवू लागली.