मुक्ताबाईंनी धरलेला प्रश्न

पाटोद्याच्या आठवडी बाजारात शेळी घेणारा माणूस आधी शेळीचे दात बघायचा आणि मग मुक्ताबाईंचं तोंड. त्यांनी मान हलवली की सौदा व्हायचा. नाक मुरडलं की विकणारा गुपचूप दावं सोडून दुसऱ्या कोपऱ्यात जायचा. एवढ्याशा गोष्टीला कुणी कीर्ती म्हणणार नाही. पण घाटावरच्या लहानशा गावात, घरामागं काट्यांचं कुंपण घालून काळ्या शेळ्या पाळत जिनं जन्म काढला, त्या बाईला एवढी कीर्ती पुरत होती. निदान ग्रुप निघेपर्यंत तरी पुरत होती.

ग्रुप काढला युसूफभाईनं. पाटोद्यात त्याचं पेंडीचं दुकान. दुकानात दिवसभर तेच तेच प्रश्न यायचे, म्हणून त्यानं व्हॉट्सॲपवर ‘शेळीवाले पाटोदा’ नावाचा ग्रुप उघडला. बघता बघता त्यात सगळा तालुका आला, बीडकडचेही काही आले. पहिल्याच महिन्यात एकानं विचारलं, शेळी खात नाही, काय करू? कुणी हळद सांगितली, कुणी ताक, कुणी गूळ, कुणी तंबाखूचं पाणी. त्या भल्या माणसानं कुणाचं मन मोडायला नको म्हणून सगळंच पाजलं. शेळी जगली, पण तो माणूस ग्रुप सोडून गेला.

तेव्हा युसूफभाईनं कायदा केला. प्रश्न आला की ज्याला उत्तर येतं त्यानं खाली लिहायचं, ‘मी बघतो’. म्हणजे प्रश्न त्यानं धरला. मग त्याचं बोलणं होईपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. उत्तर ज्या मेसेजचं, त्याच मेसेजला जोडून द्यायचं, मध्येच कुठंतरी सोडायचं नाही. सकाळची फुलं, देवाचे फोटो, पुढाऱ्यांचे वाढदिवस बंद.

हा कायदा मुक्ताबाईंना फार मानवला. चौथीपर्यंतची शाळा. वाचता यायचं, पण फोनवर लिहायला त्या दोनच शब्द शिकल्या, ‘मी बघते’. पुढचं सगळं तोंडानं. बटण दाबून धरायचं आणि सुरू करायचं, “ऐका रे लेकरांनो...” मग त्या शेळीचं दुखणं, तसंच दुखणं पूर्वी कुणाच्या शेळीला झालं होतं, ती शेळी कुणाकडून आणली होती, तिची आई किती दूध द्यायची, हे सगळं यायचं. मागं कोंबडा आरवायचा. नवरा बद्रीनाथ खोकायचा.

“तुझा मेसेज सरंस्तोवर करडू म्हातारं व्हतं,” तो म्हणायचा.

“तुमाला कुणी ऐकाया सांगितलंय?”

पण लोक ऐकायचे. ‘काकू, जीव भांड्यात पडला,’ असं लिहायचे. त्या वाक्यावर मुक्ताबाईंचा दिवस जायचा.

आणि मग शाईस्ता आली.

शाईस्ता बीडची. नवऱ्याचं गॅरेज, गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत तिच्या शेळ्या. ती लिहायची. प्रश्नाला जोडून, वर विचारणाऱ्याचं नाव, खाली तीन-चार ओळी. आधी हे करा, मग हे करा, हे करू नका, उतार नाही पडला तर डॉक्टरांना बोलवा. बसमध्ये, शेतात, लग्नाच्या मांडवात, कुठंही वाचून होईल असं. लोकांना ते आवडायला लागलं. एकदा तर एकानं सरळ लिहिलं, ‘मुक्ताकाकू, तुमी शाईस्ता मॅडमसारखं लिवून टाका की. ऐकायला टाइम लागतो.’

मुक्ताबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणाल्या.

शाईस्ता उर्मट असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. पण ती उत्तराच्या शेवटी हटकून लिहायची, ‘मुक्तामावशींनी मागं सांगितलं होतं तेही करा.’ हा आदर मुक्ताबाईंना जखमेवर मीठ चोळल्यासारखा लागायचा. मला मान देणारी ही कोण? मान काय हिच्या गॅरेजात तयार होतो का?

बकरीद जवळ आली तसं युसूफभाईनं बोलून टाकलं, “देखो भाई, आता मला दुकानातून मान वर काढाया येईना. ग्रुपला अजून एक ॲडमिन करतो. मुक्तामावशी न्हाईतर शाईस्ताबहन. बाजाराच्या दिवशी सांगतो.”

मुक्ताबाईंनी आयुष्यात कधी खुर्ची मागितली नव्हती. बचत गटाचं अध्यक्षपद दारात आलं, तर सुनेकडं बोट दाखवून मोकळ्या झाल्या होत्या. पण ‘ॲडमिन’ अशी ती हिरवी अक्षरं आपल्याच नावापुढं दिसावीत, असं त्यांना इतकं वाटायला लागलं की त्यांची त्यांनाच लाज वाटायची. आणि ती शाईस्ताच्या नावापुढं दिसतील, या विचारानं त्या फोन उलटा घालून ठेवायच्या.

बाजाराच्या दिवशी त्या एसटीत बसल्या. गाडी सुटायची होती. तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर प्रश्न. विचारणारी गीताबाई, पलीकडच्या वस्तीवरची, एकटी राहणारी बाई. तिच्याकडं एकच शेळी, तीही गाभण. मुक्ताबाईंनी नाव वाचलं आणि वर नजर गेली. वर बारीक अक्षरांत दिसत होतं, शाईस्ता टाइप करत आहे.

पुढचं वाचायला त्या थांबल्याच नाहीत. अंगठ्यानं भरभर लिहिलं, ‘मी बघते’.

वरची अक्षरं पुसली गेली. शाईस्ता थांबली. मुक्ताबाई खिडकीशी रेलून बसल्या. अरुंद वाटेवर दुसऱ्याला थांबवून आपण आधी निघून जावं, तसं वाटलं त्यांना. गाडी सुटली. आता शांतपणे प्रश्न वाचावा म्हणून त्यांनी चष्मा लावला. ‘काकू, रात्री शेळीनं ज्वारीचं पोतं फोडून खाल्लं. पोट डाव्या अंगानं लई फुगलंय. दात खाती. उठंना.’ खाली फोटो होता, तो गोल गोल फिरत राहिला आणि उघडलाच नाही. ही थांबायची गोष्ट नव्हती. त्यांनी बटण दाबून धरलं, “ऐक गीता...” आणि गाडी घाटात शिरली. रेंज गेली.

त्यांनी अर्धा मेसेज पुसला. घाट उतरला की पुन्हा बोलू, म्हणून त्या फोन हातात धरून बसल्या. तर मध्यावर टायर बसलं. सगळे खाली उतरले. मुक्ताबाई रस्त्याच्या कडेला उभं राहून फोन आभाळाकडं धरायला लागल्या.

“आजी, फोन वर करून रेंज येत न्हाई,” कंडक्टर म्हणाला. “त्यापरीस टायरला हात लावा.”

“माझी शेळी मरती बाबा.”

“संगं आणलीया का?” म्हणून तो हसला.

उन्हात उभं राहून मुक्ताबाईंना ग्रुप दिसत होता. तालुकाभर माणसं फोनकडं बघत गप्प बसलेली. कुणीही बोलणार नाही, कारण मुक्ताकाकूंनी धरलंय. कायदा मोडून कुणीतरी बोलावं, असं त्यांनी मनात म्हटलं. मग लगेच दुसरा विचार आला आणि तो आलेला त्यांना स्वच्छ कळला. शेळी वाचावी, पण शाईस्तानं वाचवू नये.

एवढं वाईट आपल्या मनात येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं. पण आलं होतं, आणि जात नव्हतं.

पाटोद्याच्या स्टँडवर गाडी लागली आणि फोन खणाणायला लागला. मुक्ताबाईंनी ग्रुप उघडला. त्यांच्या ‘मी बघते’ला जोडून गीताबाईचा मेसेज होता, ‘शेळी उठली. रवंथ करती. डाक्टर म्हणले आता भ्या न्हाई.’ आणि खाली नुसता पाऊस. हात जोडलेले, अंगठे, फुलं. ‘मुक्ताकाकू, मानलं!’ बंकट नावाचा एक टवाळ गडी होता, त्यानं लिहिलं होतं, ‘काकूंनी फुकर मारून शेळी उठवली काय?’

क्षणभर मुक्ताबाईंना गोड वाटलं, खोटं कशाला सांगा. मग त्यांनी गीताबाईला फोन लावला.

“गीता, कशी उठली गं?”

“काकू, तुमचा फोन लागंना. माझं रडं सुरू झालं. तेवढ्यात शाईस्ताताईचा फोन आला. घाबरू नका म्हणली. खायाचा सोडा पाजाया लावला, पुढचे पाय उंच्यावर ठेवाया लावले, पोट चोळाया लावलं. फोन ठिवलाच न्हाई तिनं. दुसऱ्या फोनवरून डाक्टरबी तिनंच धाडला.”

“मग ग्रुपवर तसं लिवलं कावून न्हाईस?”

“तीच न्हाई म्हणली. प्रश्न मावशींनी धरलाय, त्यांच्याच खाली लिवा म्हणली. कायदा मोडाया नको.”

मुक्ताबाईंनी फोन बंद केला. पिशवी उचलली आणि युसूफभाईच्या दुकानाकडं चालायला लागल्या.

दुकानात बंकट पोत्यावर बसलेला होता. “या, या, डाक्टरीणबाई!” तो ओरडला. युसूफभाईनं स्वतः स्टूल पुढं केलं. चहा मागवला.

“मावशी, आता विचार करायचं कामच न्हाई,” तो म्हणाला. “आज तो कमाल किया तुमने. तुमचंच नाव टाकतो.”

मुक्ताबाईंनी कप तोंडाला लावला. चहा चांगला होता. काही न बोलता तो पिऊन टाकायचा, एवढंच करायचं होतं. गीता भोळी, ती बोलणार नव्हती. शाईस्ता तर बोलणारच नव्हती. आणि तेच गळ्याखाली उतरेना. ती बोलणार नव्हती. ही सगळी फुलं, हा चहा, ही हिरवी अक्षरं, सगळं तिच्या हातचं. तिनं तिच्या ताटातून उचलून आपल्या ताटात वाढलेलं. सासूनं वाढलेलं उष्टंही ज्यांनी कधी खाल्लं नव्हतं, त्या मुक्ताबाई आता शाईस्ताचं उष्टं खाऊन ॲडमिन होणार होत्या.

“थांब युसूफ,” त्या म्हणाल्या.

कप खाली ठेवून त्यांनी फोन काढला. गीताबाईच्या मेसेजवर बोट ठेवून बाजूला ओढायचं, हे त्यांनी दुसऱ्यांचं बघितलं होतं, केलं कधीच नव्हतं. पहिल्यांदा बंकटच्या मेसेजला जोडलं गेलं. पुन्हा केलं. मग बटण दाबून धरलं.

“गीताची शेळी शाईस्तानं वाचिवली. मी एसटीत व्हते, रेंज नव्हती. फुलं तिला द्या.”

बटण सोडलं. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात आखूड मेसेज होता तो. कोंबडासुद्धा आला नाही त्यात.

बंकट हसायला तोंड उघडून तसाच राहिला.

“लई मोठं मन, मावशी,” युसूफभाई म्हणाला.

“मन-बिन काई न्हाई,” मुक्ताबाई फणकारल्या. “मला तिचं काई नको.”

थोड्या वेळानं शाईस्ताचाच फोन आला. मुक्ताबाई दुकानाबाहेर सावलीत जाऊन बोलल्या.

“मावशी, असं कावून केलं? मी गीताबाईला सांगितलं होतं ना.”

“तुझ्या उपकाराखाली मला न्हाई राहायचं.”

मग शाईस्ता हसली. “एक बोलू मावशी? राग न्हाई ना धरणार?”

“बोल.”

“मी चार ओळी लिहिते, धा बार पुसते. तरी लोक काय म्हणतेत? ‘ओके मॅडम.’ अन् तुमी खोकला तरी ‘काकू, जीव भांड्यात पडला’ म्हणतेत. मला एकदाबी कुणी तसं न्हाई म्हणलं.”

“मग?”

“मग काय? जळते मी.”

मुक्ताबाईंनी फोन ठेवला. बऱ्याच दिवसांनी त्यांना भूक लागल्यासारखं झालं. येताना त्यांनी भजी घेतली आणि एसटीत बसून एकट्यानं खाल्ली.

ॲडमिन शाईस्ताच झाली. हिरवी अक्षरं तिच्या नावापुढं आली आणि मुक्ताबाईंनी फोन पुन्हा उलटा घातला. एकदा बोलून टाकलं म्हणून मत्सर काही दावं तोडून पळत नाही. शाईस्तानं पहिल्याच दिवशी कायद्याला एक पुरवणी जोडली. धरलेला प्रश्न जमणार नसेल तर ‘सोडला’ असं लिहायचं, म्हणजे दुसऱ्याला घेता येईल. सगळ्यांनी वाहवा केली. ही पुरवणी कुणामुळं सुचली, ते कुणी बोललं नाही, पण कळलं सगळ्यांना. मुक्ताबाईंना राग आला तो वेगळाच. एवढी सोपी गोष्ट आपल्याला का सुचली नाही?

“‘सोडला’ लिवाया शीक आता,” बद्रीनाथ म्हणाला.

“मी धरलं तर सोडायची न्हाई.”

दोन-चार दिवसांनी सकाळीच प्रश्न आला. एकाचं करडू दूध पीत नव्हतं. मुक्ताबाईंनी फोन उचलला. वर दिसलं, शाईस्ता टाइप करत आहे. अंगठा पुढं गेला, आणि घाटातलं ऊन आठवून त्यांनी तो मागं घेतला. बोलू दे तिला. तेवढ्यात वरची अक्षरं पुसली गेली. तीही थांबली होती. मुक्ताबाई वाट बघत राहिल्या. तिकडं बीडमध्ये शाईस्ताही वाट बघत असणार. ग्रुपवर कुणी बोलेना. शेवटी शाईस्ताचा मेसेज आला, ‘मावशी, आधी तुम्ही.’

मुक्ताबाईंनी ओढून त्याला उत्तर जोडलं, “न्हाई, तूच बोल. ॲडमिन तू हायेस.”

‘नाही मावशी, तुमचा मान.’

त्याखाली बंकटचा मेसेज आला, ‘ओ बायांनो, तुमचा मान व्हईस्तोवर करडू जाईल की वर!’

मुक्ताबाईंना हसू आलं. त्यांनी ‘मी बघते’ लिहिलं, बटण दाबून धरलं आणि घसा खाकरला.

“ऐका रे लेकरांनो...”

ते ऐकून बद्रीनाथ उठला, काठी घेतली आणि शेळ्या चारायला निघाला. मेसेज संपायच्या आत शेळ्या माळावर चरून परत येतील, याची त्याला खात्री होती.