सहाच्या आधी फोन नको

शिलाईकाकूंच्या घरात इंटरनेट कुठून येतं असं कोणी विचारलं, तर त्या खिडकीकडे बोट दाखवायच्या. खिडकीच्या गजाला एक कापडी पिशवी लटकलेली असायची. उरलेल्या अस्तराची, काकूंनीच शिवलेली, आणि खालून चार्जरची वायर जायला शर्टाला करतात तसं नीट काज केलेलं. त्या पिशवीत काकूंचा फोन. त्यावर महिन्याचं रिचार्ज मारायचं, सकाळी हॉटस्पॉट चालू करायचा, की आतल्या खोलीत सुनेच्या लॅपटॉपला नेट मिळायचं. घरमालक भिंतीला भोक पाडू देईना, म्हणून वायरीचं नेट नाही. मुलगा सामान पोचवायच्या गाडीवर, त्याचा फोन दिवसभर त्याच्याबरोबर. सुनेच्या सिमला त्या घरात रेंजच नाही. रेंज यायची ती काकूंच्या फोनला, तीही त्याच खिडकीत.

"माझ्या फोनला म्हातारपणी नोकरी लागली," काकू गिऱ्हाइकांना सांगायच्या. "दिवसभर खिडकीत लोंबकळतो बिचारा. रविवारी तेवढी सुट्टी."

सून एका फ्रिजच्या कंपनीचं काम घरून करायची. लोक तक्रार लिहून पाठवणार, हिने लगेच लिहून उत्तर द्यायचं. फ्रिज गार होत नाही, खालून पाणी येतंय, आतला दिवा लागत नाही. मध्येच नेट तुटलं की ते गिऱ्हाईक दुसऱ्या मुलीकडे जायचं आणि हिच्या नावावर ठपका बसायचा. असे ठपके साठले की नोकरी जाणार. पोर इतकी धास्तावलेली असायची, की काकूंनी मशीन जोरात चालवलं तरी दचकून लॅपटॉपकडे बघायची. मशीनचा आणि नेटचा काही संबंध नाही हे तिलाही ठाऊक होतं, पण धास्ती कुठे असला विचार करते.

आता, काकूंना एक ताई होती. काकू लहान असतानाच आई गेली. तेव्हापासून वेणी घालण्यापासून ते मशीनवर बसवण्यापर्यंत सगळं ताईने केलं. पाय पॅडलला पोचत नव्हते तर ताई खाली बसून हाताने पॅडल मारायची आणि वर ही कापड सरकवायची. ताई आता दूरच्या गावात एकटी राहायची. बसने जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. पण रोज दुपारी जेवणं झाली की ताईचा फोन यायचा. काकू मशीन बंद करून पाय पसरून बसायच्या.

"छोटे, जेवलीस?"

"जेवले. तू?"

"मी काय जेवणार. दात एका डबीत, भूक दुसऱ्या डबीत. दोघांची गाठ पडली की जेवते."

मग कोणाच्या पोराने कोणाशी जमवलं, दूध पातळ यायला लागलंय, गुडघा आज कुठल्या बाजूने कुरकुरतोय, सगळं व्हायचं. साठी उलटून गेलेल्या बाईला 'छोटे' म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं.

ताईचा स्वभाव मात्र हट्टी. डॉक्टर म्हटलं की तोंड फिरवायची. एकदा ताप अंगावर काढत पडून राहिली. खालच्या मजल्यावर बेकरी चालवणारी शेजारीण सांगून सांगून थकली, ताई ढिम्म. शेवटी काकूंनी फोनवरून दम भरला. "ऊठ. चपला घाल. मी फोन ठेवत नाही. तुझ्या चपला जिन्यावर वाजलेल्या ऐकू दे मला." ताई कुरकुरत, शिव्या घालत उतरली, आणि चपलांचा आवाज पार रस्त्यावर जाईपर्यंत काकू कान लावून बसल्या. धाकटीने दटावलं तरच ताई ऐकायची.

घरात हॉटस्पॉट सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. दुपारी ताईचा फोन आला, काकूंनी पिशवीतून काढून कानाला लावला, आणि आतून सुनेचा आवाज आला, "अहो आई, नेट गेलं." काकूंचा फोन तसा जुनाच. त्यावर बोलणं सुरू झालं की नेट बंद पडायचं. त्या दिवशी सुनेचं गिऱ्हाईक हातचं गेलं आणि ठपका बसला. ती उठली. स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत राहिली, घासलेलीच परत घासली. काकूंना ते बघवेना. ती आरडाओरडा करती तर बरं झालं असतं, चार शब्द ऐकवून मोकळं होता आलं असतं.

संध्याकाळी काकूंनीच ताईला फोन लावला.

"ताई, एक सांगू? सहाच्या आधी फोन नको करत जाऊस. तुझा फोन आला की पोरीचं काम तुटतं."

"अगं बाई. मी नुसती हाक मारली तरी तुमचं ऑफिस बुडतं? एवढी वजनदार बाई आहे होय मी."

"चेष्टा नाही, ताई."

"बरं, बरं. सहाला. पण सहाला माझे डोळे मिटायला लागतात गं."

"मग पाणी मार डोळ्यांवर."

"मारते. लॅपटॉपवालीला सांग, म्हातारीने तुझी नोकरी वाचवली."

असं हसण्यावारी गेलं. पण सहाची वेळ दोघींच्या सोयीची नव्हती. सहा वाजले की कोणी शिवलेला कपडा न्यायला यायचं, कोणी चेन बसवायला द्यायचं, मुलगा दमून यायचा, शेगडीवर काहीतरी ठेवायचं असायचं. खिडकीशीच खांद्याने फोन दाबून धरत काकू माप घ्यायच्या आणि ताईला म्हणायच्या, "हं, बोल." ताई म्हणायची, "तू कामात आहेस, ठेव. उद्या बोलू." उद्या तेच. रविवारी तर गिऱ्हाइकांची दिवसभर रीघ. पूर्वी दुपार पुरायची नाही, आता जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवते, एवढ्यावर भागायला लागलं. दुपारी काकूंचं लक्ष त्या पिशवीकडे जायचं. फोन तापून कढत झालेला असायचा. हात लावून बघायच्या आणि परत मशीनवर बसायच्या. ताईने कधी गाऱ्हाणं केलं नाही, आणि आपण किती दिवसांत धड बोललो नाही हे काकूंच्याही नीटसं ध्यानात आलं नाही. राहून जातं तसं राहून गेलं.

एका संध्याकाळी सहा व्हायच्या आधीच मुलगा घरी आला. गाडी तशीच रस्त्यात लावून वर आलेला. "आई, मावशीच्या शेजारणीचा फोन होता मला," म्हणाला आणि दाराची चौकट धरून उभा राहिला. काकूंना पुढचं त्याच्या उभं राहण्यावरूनच कळलं. सुनेने लॅपटॉप मिटला, पिशवीतून फोन काढून काकूंच्या हातात दिला. "हा घेऊन जा आई. मी रजा टाकते. कपडे न्यायला कोणी आलं तर देते मी सगळ्यांना." एका अक्षराने कुरकुरली नाही.

ताईच्या खोलीत सगळं आवरून झाल्यावर बेकरीवाली काकूंच्या शेजारी येऊन बसली. मुलगा दाराशी उभा होता. ती बिचारी चांगुलपणानेच सांगत होती.

"सकाळपासून म्हणत होत्या, छातीवर कोणी हात दाबून धरल्यासारखं वाटतंय. म्हटलं चला डॉक्टरकडे. तर, गॅस झाला असेल म्हणाल्या. म्हटलं निदान बहिणीला तरी फोन लावा. तर म्हणतात, आत्ता नको गं, तिच्या सुनेचं ऑफिस चालू असतं, माझ्या फोनने पोरीचं काम तुटतं. सहाला लावते, मग छोटी म्हणेल तसं करू. दुपारी पाव द्यायला गेले तर फोन मांडीवर घेऊन घड्याळासमोर बसलेल्या. चहा घेऊन परत गेले, तोवर..." तिने डोळे पुसले. "शेवटपर्यंत दुसऱ्याचा विचार हो. इतकी समजूतदार बाई मी पाहिली नाही."

काकूंनी मान हलवली. हातात ताईची चादर होती, तिची घडी घातली, मोडली, परत घातली. फोन आला असता तर त्या ओरडल्या असत्या. चपला घाल म्हणाल्या असत्या. आणि ताई शिव्या घालत का होईना, जिना उतरली असती.

परतीच्या बसमध्ये त्या मुलाला एवढंच म्हणाल्या, "शेजारीण बोलली ते घरी काढू नकोस. पोरीच्या मनाला लागेल. तिने काही मुद्दाम केलं नाही."

मुलगा बाहेर बघत होता. "हं," म्हणाला.

सून वाट बघत होती. गरम गरम जेवायला वाढलं, काकूंना आग्रह करून बसवलं. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "आई, विचारू का? मावशी हल्ली दुपारी फोन का करायच्या नाहीत? तुमचं काही बिनसलं होतं का?"

काकूंना कळेना. "अगं, तुझं नेट तुटतं म्हणून."

"पण ते केव्हाच थांबलं ना," सून म्हणाली. "मी तुमचा फोन रिचार्जवाल्याकडे नेला होता एका रविवारी. त्याने सिम बदलून दिलं, आतलं काहीतरी सेटिंग केलं. तेव्हापासून कोणाचा फोन आला तरी नेट चालू राहतं. मुद्दाम त्यासाठीच नेला होता, तुम्हाला दुपारी बोलता यावं म्हणून. तुम्ही तेव्हा गिऱ्हाइकांत होतात, म्हणून यांना म्हटलं होतं आईंना सांगा." मग नवऱ्याकडे वळली. "सांगितलं होतंत ना?"

मुलाचा हात ताटातच थांबला. त्याने वर बघितलं ते बायकोकडे नाही, आईकडे. त्याचा चेहरा असा झाला होता, की शाळेतून मार खाऊन आलेला असतानाही काकूंनी तो तसा पाहिला नव्हता. एक साधा निरोप. दमून घरी यायचा आणि ताटावरच पेंगायचा पोरगा. विसरला होता.

काकूंनी हातातला घास खाली ठेवला. म्हणजे ताई बसली होती ती उगाचच. त्या दिवशी फोन लावला असता तर काही तुटणार नव्हतं, कोणाचं काही जाणार नव्हतं. त्याच्या आधीच्या सगळ्या दुपारीही मोकळ्याच होत्या, आणि दोन म्हाताऱ्या दोन गावांत घड्याळं बघत गप्प बसून होत्या.

"सांगितलं होतंत ना?" सुनेने परत विचारलं. आता तिच्या आवाजात जरा धार आली होती.

"सांगितलं होतं गं त्याने, माझ्याच ध्यानातून गेलं," काकू म्हणाल्या. "आम्हालाच मेलं संध्याकाळचं वळण लागलं होतं. ताईला तेच बरं वाटायचं."

"मग ठीक," सून म्हणाली, आणि तिला हायसं वाटलेलं दिसलं. "माझ्या मनात किती दिवस होतं. आणि शेवटी त्रास नाही ना झाला त्यांना?"

"नाही. बसल्या बसल्या गेली."

सून डोळे पुसत पाणी आणायला उठली. मुलगा तोंडातला घास घोळवत बसला होता, तो त्याला ना गिळता येत होता ना टाकता. काकूंनी त्याच्या ताटात भाजी वाढली. त्याला नको होती, तरी वाढली.

"जेव," त्या म्हणाल्या. "उद्या लवकर जायचंय ना तुला."