न केलेली तार

दुपारचं जेवण अंगावर आलं की शालन मास्तरणीचं वाचन फार तर दीड पान टिकतं. आजही तेच. पुस्तक छातीवर पालथं, चष्मा नाकावर, आणि डोळे मिटू की नको अशा बेतात. शेजारच्या खाटेवर नव्वदीची आई लसूण सोलत बसलीये. लसणाचा वास येतोय म्हणजे अजून झोप लागलेली नाही, असं शालन स्वतःला बजावते, आणि तेवढ्यात पायथ्याशी कुणीतरी टेकतं.

"पाय घे की जरा. म्हशीवानी पसरलीयास."

विलासदादा! सदतीस वर्षांमागं श्रीलंकेच्या लढाईत कामी आलेला तिचा थोरला भाऊ. तो तेविसाचाच आहे, शालन मात्र पंचावन्नाची. तिचं पोर शोभेल. पण तोंडात 'दादा'शिवाय दुसरं काही येतच नाही.

"दादा, बूट काढ. आई ओरडंल."

"बूट न्हाईतच."

खरंच नाहीत. पायांना ओली वाळू लागलीये. घरातली फरशी कुठं गेली कुणास ठाऊक, जिकडं बघावं तिकडं वाळू आणि ताडाची झाडं. त्या झाडांत आईची खाट तशीच आहे आणि आईचं लसूण सोलणं चालूच आहे.

"काय वाचतीयास एवढं?" विलास पुस्तक उचलून बघतो.

"तुमची लढाई. तिकडं गेलेल्या साहेबलोकांच्या आठवणी. हे तिसरं पुस्तक. एक साहेब म्हणतो, जायलाच हवं होतं. दुसरा म्हणतो, दिल्लीनं नसता उपद्व्याप केला, परक्याच्या भांडणात आपली पोरं घातली. ती लढाई बरोबर होती का चूक, एवढं एकदा कळू दे म्हणून वाचते."

"मग? लागला निकाल?"

"कसला लागतोय! ज्याचं त्याला खरं."

विलास हसतो, पण लगेच थांबतो. "ज्या म्हातारीनं उतरल्या उतरल्या, राखणीला आला म्हणून, माझ्या गळ्यात हार घातला, दोन म्हयन्यांनी तिच्याच दारात मी बंदूक रोखून हुबा. तिनं वळखलं मला, शाले. मलाच कळंना, आपण हितं कुणासाठी आलो. म्हणून तर तुला लिवलं."

झालं! जे निघू नये तेच निघालं. शालन उठून आत सटकायला बघते, तर आत स्वयंपाकघर नाहीच. आत गावचं पोस्ट आहे. तीच जाळी, तीच गोंदाची वाटी, आणि जाळीआड ठप् ठप् शिक्के मारणारे पोस्टमास्तर.

विलासचं ते शेवटचं पत्र. 'आई सिरीयस म्हणून तार कर. तार दावली की रजा मिळंल.' फौजी गावात ही तार काही नवी नव्हती. मदर सिरीयस, स्टार्ट इमिजिएटली. आई अत्यवस्थ, ताबडतोब नीघ. हे चार इंग्रजी शब्द अडाण्यालासुद्धा पाठ असायचे. आईला वाचता येत नव्हतं, पत्रं शालनच वाचून दाखवायची. तेवढ्या दोन ओळी तिनं गाळल्या, 'बाकी सगळं खुशाल' असं पदरचं घातलं, आणि तार केली नाही. तिसऱ्या आठवड्यात तिकडूनच तार आली.

"पुस्तकात रजांचं काय लिवलंय?" विलास मागंमागं येऊन काउंटरला टेकलाय.

"बंद होत्या," शालन चटकन म्हणते. "पहिल्याच पुस्तकात आहे. तार करून काही उपयोग नव्हता."

"आन दुसऱ्यात?"

शालन गोंदाची वाटी उगीच इकडची तिकडं सरकवते.

"दुसऱ्यात काय लिवलंय, शाले?"

"तारा आल्या त्यांना सोडलं म्हणून."

"म्हणून तिसरं आणलंस व्हय!" विलास मान हलवतो. "का न्हाई केलीस गं?"

"जित्याजागत्या आईला कागदावर मरणाच्या दारात बसवायचं? खोटं आजारपण लिहिलं की खरं होतं म्हणतात. हात धजला नाही, दादा."

"मग बरं केलंस. आई ठणठणीत हाय." तो खाटेकडं बघून घेतो. "आता खरं सांग."

पोस्टमास्तरांचा शिक्का हवेतच थांबलाय.

"सोयरे बघून गेले होते मला. भाऊ लढाईवर आहे म्हटल्यावर सासऱ्यांनी मान डोलावली. तू खोट्या तारेवर परत आला असतास, तर लोक म्हणाले असते, भिऊन पळून आला. मला लाज वाटली. तुझी लाज वाटली, दादा."

सदतीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघतंय. जाळीला डोकं टेकून ती रडायला लागते. विलास रागवत नाही. रागवला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता तारेचा कोरा फॉर्म तिच्यापुढं सरकवतो.

"लिव."

"आता? आता काय उपयोग?"

"रोज टपालाच्या गाडीकडं डोळं लावून बसत हुतो मी. लिव गं."

ती लिहिते. जोर देऊन, एकेक अक्षर. लिहून वर बघते तर काउंटरवर कुणी नाही.

"कुणासंगं बोलत हुतीस गं?"

आईचा आवाज. शालन दचकून उठून बसते. मांडीवर पुस्तक उघडं आहे, शेवटचं कोरं पान वर, आणि खुणा करायची पेन्सिल तिच्या मुठीत. पानावर चार शब्द आहेत. अक्षर तिचंच. इतकं दाबून लिहिलंय की कागद दोन ठिकाणी फाटलाय.

आई खाटेवरून वाकून बघते. "काय लिवलंस? वाच की."

पदरचं काहीतरी घालून वाचणं शालनला अवघड नाही. तोंड तसं उघडतंही. मग ती चष्मा नीट करते आणि आहे तसं वाचते.

"मदर सिरीयस. स्टार्ट इमिजिएटली."

आईचे हात थांबतात. "अगं बया! कुणाची गं आई?"

"दादाची," शालन म्हणते.