उताराच्या मध्यावरची रोपं

बाबांचं येन वादळात पडलं, तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. येन म्हणजे पुस्तकातला ऐन. आमचं घर तलावावर मासे धरणारं, पण पावसाळा लागला की बाबा सानगडीजवळच्या आमच्या बरडावर त्या येनावर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, अळ्या सोडायचे. त्या पाल्यावरचा कोसा लोक हातात घेऊन बघत राहायचे. अळ्या झाडावर असेपर्यंत बाईमाणसानं तिकडे फिरकायचं नाही, अशी रीत. त्यामुळे बालपणभर मी ते झाड लांबूनच पाहिलं आणि त्याचा राग मला अजून आहे.

बहुतेक त्याच रागापोटी मी झाडांच्या कामाला लागले. कोशाच्या झाडांचं बी तयार करणाऱ्या एका बागेत मी देखरेखीला आहे. येन पडायच्या आधीच मी त्याच्या काड्या आणून बागेत कलमं बांधली होती. बाबांना मात्र कलम नको होतं. म्हणायचे, "कलम म्हंजे दुसऱ्याच्या पायावर उभं झाड. मले बियाचं दे, माय." त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, छातीत पाणी भरत होतं. आपण जायच्या आत त्या झाडाची लेकरं शेतात लागावीत, एवढीच त्यांची मागणी.

बागेच्या बांधाला मी अर्जुनाची रांग लावली होती. अळ्या अर्जुनही खातात आणि तो लवकर वाढतो. येन आणि अर्जुन एकाच घरातली, जवळ ठेवली तर एकाचे पराग दुसऱ्यावर जातात, हे मला बजावून सांगितलेलं होतं. पण अर्जुन आधी फुलतो, येन मागाहून; त्यांची गाठ पडतेच कशी, हा माझा शहाणपणा. त्या वर्षी अवकाळी पावसानं अर्जुनाचा बहर लांबला आणि दोन्ही एकदमच फुलली. माश्या इकडून तिकडे जात होत्या आणि मी चहा पीत कौतुकानं बघत होते.

कलमांना फळं थेट येनाचीच धरली, कारण फळाचं रूप आईच्या झाडाचंच असतं; मला शंका आली नाही. रोपं वीतभर झाली तेव्हा मी ती जवळून पाहिली. पानं निमुळती, येनाच्या पानाखाली असते ती मऊ लव जवळजवळ नाहीच. ना धड येन, ना धड अर्जुन. पुन्हा बी धरायला वर्ष लागणार होतं आणि बाबांपाशी वर्ष नव्हतं. मी तीच रोपं घेऊन घरी गेले.

बाबांनी एक पान उलटं केलं. त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"येनच हाय ना?"

"येनच हाय बाबा, तुमच्याच झाडाचं."

"मंग लावतो."

ड्यूटीचं निमित्त करून मी त्याच दिवशी परतले. त्यांच्यासमोर उभं राहवत नव्हतं. पुढे फोनवर मी विचारायचे, येनं कशी आहेत? "येनं मस्त वाढून राह्यले," बाबा म्हणायचे.

पावसाळा सरला आणि बाबा गेले. तेरवी झाल्यावर मी आईबरोबर बरडावर गेले. येन उभं होतं तिथे एकही रोप नव्हतं. वाटलं, फेकून दिली असणार, आणि बरोबरच केलं. तेवढ्यात आईनं खाली बोट दाखवलं. येन वरच्या कोरड्या जमिनीत लावतात, अर्जुन खाली नाल्याच्या काठाला. बाबांनी ही रोपं दोहोंच्या मध्ये, उताराच्या निम्म्यावर लावली होती, प्रत्येकाभोवती काट्यांचं कुंपण घालून.

आई म्हणाली, "मी म्हटलं, येन वर लावा. तं म्हणे, याइले वरचं ऊन सोसणार नाही अन् खालचं पाणीबी मानवणार नाही. पोरीले काही बोलू नको म्हणे."

धाप लागायची तरी उघडीप पडली की ते पाणी घालायला येत होते. मी तिथेच मातीत बसून रडले. अंगठा फिरवला तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं. आणि तरी शेवटच्या फोनपर्यंत मी येनं म्हणाले की तेही येनंच म्हणत राहिले.