पालेगावची फुलं

माझा नवरा घरातला बल्बसुद्धा वेळेवर बदलत नाही. पण पालेगावात फुलं उमलणार असली, की आनंदनगरच्या कारखान्यातली दुसरी पाळी संपवून बदलापूरला घरी यायच्याऐवजी तो परस्पर वहिनीकडे जायचा आणि पहाटे उगवायचा. बाहीवर पिवळी भुकटी, अंगाला गोडसर वास. तो शर्ट मी कधी इतर कपड्यांत भिजवला नाही.

वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. दीर गेल्यापासून ती एकटीच राहते. चहूबाजूंनी टॉवर उठले, तरी दिरांनी घरामागचा तुकडा विकला नव्हता. तिथे त्यांनी ड्रॅगनफ्रूट लावलं होतं. हा निवडुंगाचा वेल सिमेंटच्या खांबांवर चढतो, त्याची फुलं अंधार पडल्यावर उघडतात आणि सकाळी ऊन चढेपर्यंत मान टाकतात. त्यांच्याकडच्या लाल जातीला पांढऱ्या जातीचे पराग हाताने लावले नाहीत, तर फळ धरत नाही. म्हणजे काम रात्रीचंच.

हे मला समजत होतं. तरी जावेचा फोन आला, की माझं जेवणातलं लक्ष उडायचं. "भावजी, उद्या उघडतील," एवढंच ती सांगायची आणि हा माणूस दिवसभर खुशीत असायचा. शेवटी एका संध्याकाळी मी न सांगता रिक्षा करून पालेगावला गेले. जाऊ गडबडली नाही. बरं झालं आलीस म्हणाली, आणि भाकरी वाढली.

नवरा आला, मला बघून जरा थांबला आणि ब्रश घेऊन कामाला लागला. ताटाएवढी पांढरी फुलं खांबाखांबावर लटकत होती. जाऊ पांढऱ्या जातीच्या फुलांतले पराग वाटीत झटकायची, तो तिच्या मागून एकेका लाल जातीच्या फुलात ब्रश फिरवायचा. दोघं बोलत नव्हते. वाटी कधी पुढे करायची, बॅटरी कुठे धरायची, हे विचारावं लागत नव्हतं. बोलत असते तर मला कमी लागलं असतं. मधे तिने चहा आणला. त्याचा बिनसाखरेचा. त्याने साखर सोडल्याचं मला माहीतच नव्हतं. घरी तर मी घातलेला गोड चहा तो मुकाट पीत होता.

परतताना स्कूटरवर मी विचारलं, "एवढं काय आहे तिथे?"

पुढचा गतिरोधक त्याने सावकाश ओलांडला. मग म्हणाला, "घरी आलो, की दादा गेलाय हे आठवतं. तिथे त्याचं काम उरलेलं असतं."

यावर मला रडू यायला हवं होतं. मनात आलं ते एवढंच, की हे त्याने मला आधी का नाही सांगितलं. जावेला सांगितलं असेल का, हेही मनात आलंच.

पुढच्या खेपेला त्याची रात्रपाळी होती. तो दिवसा झोपलेला असताना जावेचा फोन आला, तो मीच घेतला. त्याला रजा टाकायला सांगू का, असं मी विचारलं. जाऊ म्हणाली, "नको. तूच ये."

दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही दोघींनी सगळे खांब उरकले. सुरुवातीला माझा हात जड पडत होता, दोन फुलं मी मोडलीही. जाऊ रागावली नाही. तिच्या नवऱ्याच्या आजारपणातल्या गोष्टी ती काम करता करता सांगत राहिली, ज्या तिने माझ्या नवऱ्याला कधीच सांगितल्या नव्हत्या. ते मुद्दाम विचारून मी खात्री करून घेतली.

सकाळी नवऱ्याला कळलं, तेव्हा तो डबा ठेवून तसाच खुर्चीत बसला.

"सगळी झाली?"

"सगळी."

"मला एक फोन तरी करायचास."

तो नाश्ता न करताच झोपायला गेला. चादर डोक्यावरून ओढलेली. मी दार लोटून घेतलं आणि त्याचा चहा एकटीने, साखर घालून, निवांत प्यायले.