पांदणीनं आनू नका, जवाईबापू

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. भाद्रपदात ती पाच फूट सहा इंच होते. ही बढाई नाही. आमच्या वऱ्हाडातली काळी माती ओली झाली की चालणाऱ्याच्या पायाला धरते आणि दर पावलाला एक थर चढवते. शंभर पावलांनंतर माणूस उंच होतो, दोनशेनंतर जड होतो आणि तीनशेनंतर नम्र होतो. मी तीनशेच्या पुढे गेलेला माणूस आहे, म्हणून सांगतो.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. सासुरवाडी बडनेऱ्याच्या पलीकडे, हमरस्त्यापासून तीन किलोमीटर आत. तिथं माझ्या सासूबाईंचा, कौसल्याबाईंचा मळा आहे. वय सत्तर. झेंडू, शेवंती, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं त्या स्वतः पाहतात. मळ्याकडे जायला दोन्हीकडून बोरी-बाभळींनी वेढलेली बैलगाडीची वाट आहे. तिला पांदण म्हणतात. पाच वर्षांपूर्वी एका जुलैत याच पांदणीत माझी स्कूटर रुतली. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती अशी बसली की मेकॅनिकनं ती छिन्नीनं काढली. पुढच्या रविवारी मी स्कूटर रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपाशी ठेवून पायी गेलो, आणि मला ते आवडलं. दर रविवारी जायला लागलो.

गावाला ते काही केल्या पटेना. पांदणीत भेटणारा प्रत्येक जण थांबायचा.

"काहून पायी? गाडी इकली काय?"

"नाही, सहज. फिरायला."

"फिराले म्हंजे? काही हरपलं काय?"

"काही हरवलं नाही. नुसतं चालतोय."

मग तो माणूस आवाज खाली आणून विचारायचा, "घरी सगळं बरं हाय नं?"

पण मी नेटानं बाराही महिने चाललो. फाल्गुनात पळस पेटलेला पाहिला. वैशाखात जमिनीला पडलेल्या भेगांमध्ये माझा मोबाईल पडला आणि वीस मिनिटं भुईच्या पोटातून वाजत राहिला. (सासूबाईंनी तो विळ्याच्या टोकानं काढून दिला. फोन बायको करत होती, तोही त्यांनीच उचलला आणि "धरतीमायच्या पोटात होते, आता निंगाले" असं सांगून ठेवून दिला.) कार्तिकात तुरीचा पिवळा फुलोरा पाहिला, पौषात दव पडलेला हरभरा ओरबाडून बोटं आंबट करून घेतली. हे सगळं मी फोटोसकट घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकत असे. खाली चार ओळी लिहीत असे. त्या ओळी वाचल्या तर एखाद्याला वाटावं, या माणसाला वऱ्हाडातलं झाडन् झाड ओळखतं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

आमची मुलगी मीनल पुण्याला नोकरी करते. तिनं तिथं एक मुलगा पसंत केला होता. मुलगा चांगला होता, फक्त त्याच्या आईवडिलांनी अजून होकार दिला नव्हता. ते आधी आम्हाला पाहायला येणार होते. वडील दिनकरराव निवृत्त इंजिनिअर, सह्याद्रीतले सगळे किल्ले चढून झालेले. आई शैलाताई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. मीनलनं त्यांना माझे फोटो दाखवले होते. दिनकररावांनी फोनवर सांगितलं, "तुमची ती रविवारची वाट आम्हाला चालायची आहे बरं का."

पाहुणे मुलगी पाहायला येतात, घर पाहायला येतात. आमच्याकडे माझी वाट पाहायला येत होते. मी आठवडाभर छाती काढून फिरलो.

गौरी गेल्यानंतरचा रविवार ठरला. आदल्या दिवशी दुपारभर पाऊस झाला. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला.

"जवाईबापू, पावन्यायले पांदणीनं आनू नका. लय चिखल हाय. मांगच्या डांबरी रस्त्यानं फिरून या."

"आई, पाच वर्षं चालतोय मी त्या वाटेनं."

"चालून राहिले, थे खरं हाय. पन पानी पडल्यावर तुमी येतच नाई."

हे खरं होतं. मोठा पाऊस झाला की त्या रविवारी मला हटकून काहीतरी काम निघत असे. मी विषय बदलला.

बायको आणि मीनल जेवणाचं सामान घेऊन रिक्षानं मागच्या रस्त्यानं मळ्यात गेल्या. रिक्षात बसताना मीनल मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, प्लीज. फक्त नीट पोचवा त्यांना. बाकी काही करू नका."

मी म्हटलं, "तू निर्धास्त राहा."

सकाळी नऊला दिनकरराव, शैलाताई आणि मी, असे तिघं पांदणीत शिरलो. दिनकररावांच्या पायात मुलानं परदेशातून आणलेले बूट होते. "हे बर्फावरसुद्धा घसरत नाहीत," ते म्हणाले. खरंच घसरले नाहीत. माती त्यांना घसरू देईल तर ना. पंधरा मिनिटांत आम्ही तिघंही तीन-तीन इंच वाढलो होतो. शैलाताई काडीनं चपला खरवडत होत्या. पांदणीच्या कडेला हिरवीगार झुडपं माजली होती. त्यांनी विचारलं, "हे कसलं पीक हो?"

मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "भुईमूग."

शेजारच्या वावरात निंदणारी एक बाई उभी राहिली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग झुडपाकडे. "भाऊ, तरोटा हाय थो," ती म्हणाली. "रानचं तन. भुईमुगाच्या शेंगा जमिनीत लागतात. याच्या तर वरतं लोंबून राहिल्या."

"पानं सारखी दिसतात," दिनकरराव मला सांभाळून घेत म्हणाले. त्या सांभाळून घेण्यानं मी जास्तच खचलो आणि काहीतरी करून दाखवायच्या नादाला लागलो. पुढं चिखल आणखी वाढलेला दिसत होता. मी म्हणालो, "मला एक जवळची वाट ठाऊक आहे. धुऱ्याधुऱ्यानं जाऊ." धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. त्यावर गवत असल्यामुळे चालणं खरंच सोपं झालं. माझा आवाज परत आला. मी कपाशीबद्दल बोललो, तितराबद्दल बोललो, मातीच्या रसायनशास्त्राबद्दल तर फारच बोललो. बोलता बोलता धुरा संपला आणि समोर नाला आला.

हा नाला मी पांदणीच्या वाटेवर शेकडो वेळा ओलांडला होता. फक्त तेव्हा त्यात पाणी नव्हतं. आता जेमतेम घोटाभर होतं आणि पलीकडे गाळाचा गुळगुळीत, चकाकता काठ होता.

"इथून खोल नाही ना?" शैलाताईंनी विचारलं.

"छे. माझ्या पावलावर पाऊल ठेवून या," असं म्हणून मी पाणी ओलांडलं, गाळावर पाय ठेवला आणि मांडीपर्यंत खाली गेलो.

दुसरा पाय सोडवायला टेकवला, तर तोही गेला. दिनकरराव सह्याद्रीच्या संस्कारांनुसार ताबडतोब मदतीला धावले. दोनच पावलांत तेही माझ्या शेजारी, गुडघ्याच्या वर रुतून उभे राहिले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. लग्नात व्याह्यांची गळाभेट होते, ती आमची तिथंच झाली, कारण तोल सांभाळायला दुसरं काही धरण्यासारखं नव्हतं.

माझा फोन पँटच्या खिशात, म्हणजे गाळाच्या खाली होता. शैलाताईंनी काठावरून मीनलला फोन लावला. त्यांचा स्वर शाळेतला असावा, कारण त्यात घबराट अजिबात नव्हती.

"मीनल, आम्ही चिखलात रुतलोय. म्हणजे मी नाही, ते दोघं. कुठं? ते मला माहीत नाही. तुझे बाबा म्हणताहेत की मळा इथून अगदी जवळ आहे."

मग मीनलनं फोन आजीकडे दिला असावा. शैलाताईंनी स्पीकर लावला.

"बाई, तुमाले तथी काय दिसून राहिलं?"

"एक कडुनिंब आहे, आणि त्याखाली शेंदूर लावलेला दगड."

 मग सासूबाई कोणाला तरी म्हणाल्या, "उलटेच गेले बाप्पा." आणि फोनमध्ये, मोठ्यानं: "जवाईबापू, हलू नका. जेवढे हलसान तेवढे खाली जासान."

पंधरा मिनिटांत त्या पलीकडच्या काठावर आल्या. लुगड्याचा काष्टा खोवलेला, डोक्यावर वाळलेल्या पऱ्हाट्यांचा भारा. (कापूस निघून गेल्यावर उरलेली झाडं सरपणाला ठेवतात, त्या पऱ्हाट्या.) मागं विहिरीचा दोर घेऊन बायको, आणि तिच्या मागं चेहरा पांढरा पडलेली मीनल. सासूबाईंनी आमच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी आधी नाल्याच्या वरच्या बाजूला, उत्तरेकडे आभाळात पाहिलं. तिकडं काळं झालं होतं.

"वरतं पानी पडून राहिलं," त्या म्हणाल्या. "झटपट करा."

 तोवर मला फक्त लाज वाटत होती. आता भीती वाटली, आणि स्वतःपेक्षा जास्त शेजारच्या माणसाची, ज्याला मी हौसेनं इथं आणला होता.

सासूबाईंनी पऱ्हाट्या गाळावर आडव्या-उभ्या पसरून चटईसारखी वाट केली. दोर टाकला. शैलाताई चपला काढून, पदर खोचून पऱ्हाट्यांवरून पलीकडे गेल्या आणि कोणी न सांगता त्यांनी दोराचं दुसरं टोक धरलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. "बाई, टाच रोवा अन् मांगं झुका. हातानं नोका ओढू, आंगानं ओढा."

"आधी यांना काढा," दिनकरराव माझ्याकडे बोट करून म्हणाले. "हे जास्त खोल आहेत."

"आधी पावने," सासूबाई म्हणाल्या. "हे घरचेच हायत."

सव्वीस वर्षं मी त्या घराचा जावई होतो. ताटाखाली पाट, धोंड्याच्या महिन्यात वाण, आवाज खाली ठेवून बोलणं, सगळे मान झाले होते. 'घरचा' मात्र मला कोणी म्हटलं नव्हतं. मांडीपर्यंत गाळात उभा असताना मला ते ऐकून भरून आलं. (रडलो नाही. आधीच ओलावा पुष्कळ होता.)

चार बायकांनी मिळून दिनकररावांना काढलं. ते निघाले, परदेशी बूट नाही निघाले. मग माझी पाळी आली. मी पोटावर आडवा होऊन पऱ्हाट्यांवरून सरपटत काठावर आलो. एक बूट, एक मोजा आणि सगळी प्रतिष्ठा मागं राहिली. आम्ही समोरचा चढ चढून कडुनिंबापाशी पोचलो, तेवढ्यात नाल्याचा आवाज बदलला. वरून गढूळ पाणी काड्याकुड्या घेऊन आलं. बघता बघता पऱ्हाट्या उचलून घेऊन गेलं, आणि मी उभा होतो त्या जागी छातीइतकं झालं.  मीनलनं आजीचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

मग सासूबाई म्हणाल्या, "चला. अनवानी चाला. बोटं रोवून चाललं की माती धरत नाई."

आणि तिथून पुढं आम्ही खरे फिरलो. त्यांनी वाटेत सुगरणीची अर्धवट विणलेली घरटी दाखवली. मुंगसाचं बीळ दाखवलं. कपाशीच्या पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिमटीत धरून, यंदा बोंडं कधी धरतील ते सांगितलं. शैलाताई प्रश्न विचारत होत्या आणि सासूबाई उत्तरं देत होत्या, जसं काही दोघी लहानपणापासून एका ओटीवर बसल्या होत्या. मळ्यात दसऱ्यासाठी राखलेला झेंडू नुकता कळीवर आला होता. विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्याखाली पाय धुतले, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा खाल्ला. दिनकरराव परगावी गेलेल्या माझ्या मेव्हण्याचं धोतर नेसून जेवले. मीनल घास हातात घेऊन नुसती बसली होती.

हात धुतल्यावर शैलाताई म्हणाल्या, "मीनल, जेव ना. मुलगी कोणत्या घरातली आहे ते पाहायला आलो होतो. पाहिलं." आणि सासूबाईंकडे वळून, "आमची एक अट आहे. दर ऋतूत एकदा आम्ही येणार, आणि तुम्ही आम्हाला फिरवायचं."

"या नं," सासूबाई म्हणाल्या. "पन नुसतं फिराले काहून? खुरपं देतो हातात."

लग्न झालं. पुण्याची मंडळी खरंच येतात. मार्गशीर्षात तुरीच्या शेंगा तोडून गेली, फाल्गुनात पळसाची फुलं घेऊन गेली. आता फोटोही शैलाताई टाकतात आणि झाडांची नावं बरोबर असतात. आमच्या ओळीत सगळ्यात पुढं सासूबाई, मग विहीणबाई, मग लेक-जावई, व्याही, आणि सगळ्यात मागं पाण्याच्या बाटल्यांची पिशवी घेऊन मी.

गेल्या खेपेला धुऱ्यावर एक म्हातारा शेतकरी भेटला. त्यानं माझ्याकडे पाहून सासूबाईंना विचारलं, "हे कोन?"

"आमचे जवाई," त्या अभिमानानं म्हणाल्या. "रस्ता मालूम नाई यायले. पन मांगून लय चांगले येतात."

एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या गोपनीय अहवालात इतका चांगला शेरा कोणत्याही प्राचार्यांनी लिहिलेला नाही.