नाकाला सवय होत नाही

"तू उतर. तुझ्या नाकाला सवय असेल."

सर हे ओरडून बोलले नाहीत. हसून बोलले. माझ्या खांद्यावर हात ठेवून. कॉलेजच्या मागच्या आवारात अख्खा वर्ग उभा होता, प्रत्येकाच्या नाकाला रुमाल. मधोमध जमिनीत पुरलेली लोखंडी टाकी. तिचं झाकण बाजूला सरकवलेलं. माणसाचे खांदे जेमतेम जातील एवढं तोंड. आत काळोख, आणि सडक्या अंड्यांचा वास.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. समीरपण हसला. समीर माझ्या बाकावरचा, लालबागचा. माझ्या डब्यातलं खातो.

मी पेट्रोलियम इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. जमिनीच्या पोटातलं तेल वर काढायचं शिक्षण. तेलाची विहीर पाडताना भोकात एक दाट चिखल सोडावा लागतो, त्याला आमच्यात मड म्हणतात. प्रॅक्टिकलसाठी तो या टाकीत भरून ठेवलेला. सुट्टीत कुणी ढवळला नाही. त्यात स्टार्च असतो, तो सडला. गाळ बसून पंपाचा पाइप तुंबला. आणि कॉलेजची तपासणी करायला कमिटी येणार होती. कमिटीला पंप चालू दिसायला हवा. म्हणजे कुणीतरी शिडीने खाली उतरून पाइपाचं तोंड मोकळं करायला हवं.

सरांची नजर सगळ्यांवरून फिरली. माझ्यावर थांबली.

आता जात कुणी तोंडावर विचारत नाही. आडनाव विचारतात. मग राहतोस कुठे. मग वडील काय करतात. तेवढ्यात काम भागतं. माझी उत्तरं अशी: परळ. सफाई कामगारांची वसाहत. बाबा कचऱ्याच्या गाडीवर. पहिल्या वर्षी सरांनीच विचारलं होतं, आणि मी ताठ मानेने सांगितलं होतं. मूर्ख.

"सर, मला..." मी म्हणालो. 

"अरे बाळा, लाजायचं काय त्यात? श्रमाला प्रतिष्ठा असते."

श्रमाला प्रतिष्ठा असते तर तुम्ही उतरा. हे आता सुचतं. तेव्हा नुसता घाम सुटला.

मी विद्यार्थी संघटनेत पत्रकं लिहितो. वसाहतीतल्या विहाराच्या ओट्यावर बसून लिहायला शिकलो. पत्रकात आम्ही धगधगते निखारे असतो, वादळ असतो. पत्रकात भीती लिहीत नाहीत. इथे लिहितो. मी घाबरलो होतो. दोन गोष्टींना.

एक, टर्मवर्क. वर्षभराच्या प्रॅक्टिकलवर सरांची सही लागते. सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही. वर्ष गेलं. आणि माझं वर्ष जाणं म्हणजे नुसतं वर्ष जाणं नव्हतं. बाबा लवकरच रिटायर होणार. आम्ही राहतो ती खोली नोकरीची आहे. नोकरी गेली की खोली गेली. ती टिकवायची तर घरातल्या एकाने वारसा हक्काने बाबांच्या जागी लागायचं. आजोबांच्या जागी बाबा असेच लागले. आईने मला वेळोवेळी बजावलेलं, डिग्री वेळेत घे, कंपनीत लाग, भाड्याने घर घेऊ. नाहीतर गाडी आहेच.

दुसरी भीती शंकरकाकांची. आमच्या शेजारचे. मी शाळेत होतो तेव्हा ते एका टॉवरची सांडपाण्याची टाकी साफ करायला उतरले. खाजगी काम, रविवारची वरकड कमाई. वर आले ते दोरीला बांधून. वसाहतीच्या गेटात त्यांना ठेवलं तेव्हा मी पुढे घुसून बघितलं. अंगावर खरचटलेलंसुद्धा नव्हतं. झोपलेला माणूस. मला तेच सगळ्यात भयंकर वाटलं.

मी बूट काढले. शिडीवर पाय ठेवला.

वास आधी घशात गेला, मग डोळ्यांत. वर वाकून बघणारी डोकी. "अजून खाली, अजून खाली," समीर वरून म्हणत होता, क्रिकेटची कॉमेंट्री करावी तसा. मी आणखी उतरलो. कमरेइतका आत गेलो, मग डोकंही आत गेलं.

आणि वास बंद झाला.

एकदम. नळ बंद करावा तसा. क्षणभर बरं वाटलं. मग शिडी घट्ट धरली.

कारण हे मला शिकवलं होतं. याच सरांनी, याच वर्षी. हायड्रोजन सल्फाइड. तेलाच्या विहिरीत असतो, सडलेल्या मडमध्येही होतो. सर फळ्यावर लिहून म्हणाले होते, "थोडा असेल तर वास येतो. जास्त झाला की नाकच मरतं. वास थांबला म्हणून गॅस गेला असं समजलात तर तुम्ही गेलात." परीक्षेत मी हे उत्तर लिहिलं होतं. वाक्य न् वाक्य.

कसा वर आलो माहीत नाही. हाताची साल निघाली. बाहेर येऊन फरशीवर उलटी केली. कुणी हसायचं थांबलं, कुणी नाही. मी बसल्या बसल्या म्हणालो, "सर, गॅस आहे. आधी टेस्ट करायला पाहिजे."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग बाकीच्यांकडे.

"शिकून सवय गेली वाटतं," ते म्हणाले.

या वेळी हशा मोठा होता.

त्या संध्याकाळी घरी सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"उतरायचं होतं गपगुमान. सही कोण देणार आता? तुझा बा?"

"अगं, मेलो असतो मी."

"असं अभद्र बोलू नकोस."

बाबा हळूच म्हणाले, "उद्या जाऊच नको. ताप आला सांग. कमिटी गेली की विसरतील."

"ते विसरतील, सही विसरायची नाही," आई म्हणाली.

दोघं माझ्यावरून भांडत राहिले. दोघंही घाबरलेले. आमच्या घरात भीती अशीच असते, एकाकडून दुसऱ्याकडे जाते, भांडणाच्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेलो. का गेलो ते खरं सांगतो. माफी मागायला गेलो. रस्ताभर वाक्य घोळवत होतो. सर, काल चक्कर आली, चुकलं माझं, सही अडवू नका. हे वाक्य पाठ करत मी मागच्या आवारात शिरलो.

टाकीजवळ एक म्हातारा माणूस शर्ट काढत होता.

ठेकेदाराने पाठवलेला. काळा, काटकुळा, गळ्यात तांबडा गोफ. शर्टाची नीट घडी करून त्याने कठड्यावर ठेवली. दोर नाही, मास्क नाही, काही नाही. झाकण अजून बंद होतं. बाजूला सर, ठेकेदाराचा मुकादम, आणि आमच्या वर्गातली चारपाच पोरं. समीरही.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठलाच विचार मोठा नव्हता. एवढंच दिसलं: मी काल वर आलो, म्हणून आज हा खाली जाणार. मी नाही म्हटलं की काम थांबत नाही. ते माझ्याहून गरीब माणसाकडे सरकतं. त्याचं आडनाव मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

मी पुढे गेलो. काहीतरी बोलायचं होतं. पण पाय लटपटले आणि मी टाकीच्या झाकणावर बसलो. लोक नंतर म्हणाले, धरणं धरलं. धरणं कसलं? पाय गेले म्हणून बसलो. बसल्यावर मात्र कळलं, आता उठायचं नाही.

"हे काय?" सर म्हणाले.

"सर, काम थांबवा."

आवाज चिरका आला. पोरीसारखा, असं मागून कुणीतरी म्हणालं.

हेही त्यांनीच शिकवलेलं. तेलाच्या विहिरीवर, म्हणजे रिगवर, एक रीत असते. धोका दिसला की कुणीही काम थांबवू शकतो. हुद्दा बघत नाहीत. "रिगवरचा आचारी म्हणाला थांबा, तर मॅनेजरलाही थांबावं लागतं," सर मोठ्या कौतुकाने सांगायचे. परदेशात बघून आले होते.

"ऊठ," सर म्हणाले.

"आधी गॅस मोजा. मशीन आहे आपल्याकडे."

मशीन होतं. लॅबमध्ये काचेच्या कपाटात, कुलपात, कमिटीला दाखवायला पुसून ठेवलेलं. माझ्याकडे बघून सरांचा चेहरा लाल झाला. पण मुकादम ऐकत होता आणि तो आता झाकणापासून दोन पावलं मागे सरकला होता. सरांनी शिपायाला पाठवलं. मशीन आलं. सरांनी बटण दाबलं. परत दाबलं. काहीच नाही. ते कधी चार्जच केलं नव्हतं.

कुणी हसलं नाही.

तेवढ्यात म्हातारा माझ्यावर वाकला. मला वाटलं पाठीवर हात ठेवेल.

"ऊठ की रे. माझा रोज बुडवतोस का?"

"मामा, आत गॅस आहे. मराल."

"आजवर मेलो का? किती टाक्या काढल्या मी! तू शिकलेला हायस, तुला परवडतं नाही म्हनायला. मला न्हाई परवडत. ऊठ!"

त्यांनी माझं बखोट धरून ओढलं. ताकद होती म्हाताऱ्याला. मी झाकणाच्या कडीला दोन्ही हातांनी धरलं. एक म्हातारा मरायला जाण्यासाठी मला ओढतोय आणि मी त्याला वाचवायला त्याच्याशी झोंबतोय. हे चित्र ज्यांनी रचलं ते बाजूला इस्त्रीच्या शर्टात उभे. मला रडू आलं. भोकाड पसरून रडलो, सगळ्यांसमोर. पण कडी सोडली नाही.

समीर जवळ आला. कानात म्हणाला, "मेल्या, सॉरी बोल आणि ऊठ. सर वाट लावतील तुझी."

"तू उतरशील का आत?"

तो मागे जाऊन उभा राहिला. पुढे आला नाही, हसलाही नाही.

शेवटी मुकादमच म्हणाला, "साहेब, उगाच लफडं नको. आमचं नाव येईल." तो मामांना घेऊन गेला. जाताना मामांनी मला आईवरून शिवी दिली. शर्ट खांद्यावर टाकून गेटाकडे निघालेली त्यांची पाठ मी बघत राहिलो. ती शिवी मला लागली, आणि लागायलाच हवी होती. त्यांचा त्या दिवसाचा रोज माझ्यामुळे बुडाला. तो भरून देण्याची व्यवस्था आमच्या कुठल्याच पत्रकात नाही. असायला हवी.

टाकीवर ताडपत्री टाकली. तिच्याभोवती झाडांच्या कुंड्या मांडल्या. कमिटी आली, चहा प्याली, कुंड्यांचं कौतुक करून गेली.

मग सरांनी केबिनमध्ये बोलावलं. शांत होते. पेपरवेट फिरवत म्हणाले, "तुझ्यात गुण आहेत. पण तुम्हा लोकांना पटकन अपमान वाटतो. माफी माग, मी सही करतो. विषय संपला."

 डोळ्यांसमोर आई, खोली, गाडी. तोंडात माफीचं वाक्य तयारच होतं, पाठ केलेलं. बाहेर आलं ते वेगळंच.

"तुम्हाला माझ्या नाकाचं कुणी सांगितलं, सर?"

"काय?"

"सवय असेल म्हणालात. त्या गॅसची सवय कुणालाच होत नाही. तुम्हीच शिकवलंत. तुमचं नाक मरतं तसंच माझं मरतं. माफी मी नाही मागणार."

"मग ड्रॉप घे," ते म्हणाले. पेपरवेट ठेवलं. "बाहेर जा."

ड्रॉप लागला. वर्गातले चौथ्या वर्षाला गेले. संघटनेने तक्रार केली आहे, त्यावर अजून कुणी काही बोललेलं नाही. मी खोटं सांगणार नाही, की मला हलकं वाटलं, सुटल्यासारखं वाटलं. रोज सकाळी गेटातून आत शिरताना तळहात ओले होतात. कँटीनमध्ये मी शिरलो की एखादा नाकाला रुमाल लावतो. गंमत म्हणून.

बाबांच्या रिटायरमेंटचं बोलणं घरात सुरू झालंय. आई म्हणाली, "वारसात तुझं नाव लावू. वर्ष गेलंच आहे."

मी म्हटलं, "नाही."

"खोली जाईल."

"जाऊ दे."

"आणि आम्ही जायचं कुठे?"

  बाबांच्या कामाची मला लाज नाही. सकाळी मुंबई चालायला लागते ती त्यांच्यामुळे. पण ते काम आजोबांकडून बाबांकडे आणि बाबांकडून माझ्याकडे रक्तासारखं यावं, हे मला मान्य नाही. सरांनी त्या दिवशी बोट दाखवलं ते याच वारशाच्या जोरावर. तो वारसा मी घेत नाही. खोलीच्या बदल्यातही नाही.

तिसरं वर्ष मी पुन्हा करतोय. त्याच कॉलेजात, त्याच सरांच्या हाताखाली. सही पुन्हा अडवतील, तर त्यापुढच्या वर्षी परत बसेन. ट्युशन घेईन, भाड्याची खोली शोधेन, आईची बोलणी खाईन. डिग्री घेतल्याशिवाय या आवारातून जाणार नाही. आणि मी इथे असेपर्यंत गॅस मोजल्याशिवाय त्या टाकीत माणूस उतरणार नाही. मी नाही, ठेकेदाराचा मामा नाही, सर स्वतः निघाले तरी नाही.

घाबरलेला आहे मी. घाबरूनच आडवा येणार.